साडेचार इंची भिंत

हे लिहू की नको करत दोनदा फोन बाजूला ठेवला. मग म्हटलं, टाईप करून टाकू एकदाचं, नाहीतर परीक्षा येईल आणि ही गोष्ट फक्त आमच्या आर्किटेक्चरच्या वर्गात हसण्यापुरती उरेल.

थोरली म्हणजे दोन जावांतली मोठी, निवृत्त पीटीच्या बाई. जन्म मैदानावर गेला, त्यामुळे हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही. "तुला म्हणून सांगते हं" असं तिने सुरू केलं की शेजारचे सरसावून बसायचे.

तिचं घर सासऱ्यांनी एका आर्किटेक्ट मित्राकडून बांधून घेतलेलं. सपाट स्लॅब, समोर खालपासून वरपर्यंत काच आणि आत एकच लांबलचक खोली. बसणं, जेवणं, झोपणं सगळं तिच्यातच, मधे फक्त कपाटांचा आडोसा. भिंती माणसांना तोडतात, असं मित्राचं म्हणणं होतं. घरात कडी लागणारं दार एकच, बाथरूमचं. त्यामुळे कोणाला रडायचं असलं की बाहेर रांग लागायची.

सासरे गेले आणि दोघा भावांचं फाटलं. कशावरून, ते दोघांनी दोन तऱ्हेने सांगितलं. शेवटी त्या लांब खोलीच्या मधोमध भिंत उभी राहिली. डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी जाऊ. पुढे धाकटा भाऊ गेला, मग थोरलाही. भिंत घालणारे दोघेही आता नाहीत, भिंत मात्र ठणठणीत आहे.

थोरलीच्या मनात एकच काटा रुतून बसलेला. तिचा नवरा गेला त्या दिवशी धाकटी आली होती. एक शब्द बोलली नाही, नुसती जवळ बसून पाठीवरून हात फिरवत राहिली. थोरलीला वाटलं, चला, आता जाणं-येणं सुरू होईल. पण धाकटी परत फिरकली नाही. का नाही आली, हे थोरलीने सगळ्या जगाला विचारलं, तिला सोडून. जग म्हणजे तिची बहीण. रोज संध्याकाळी फोन, भिंतीला खुर्ची टेकवून. धाकटीचा ताठा, धाकटीचं तोंड, धाकटीची मुलगी, सगळं ओळीने निघायचं. आणि नेमका त्याच वेळी पलीकडे टीव्ही मोठा व्हायचा.

"बघ," थोरली बहिणीला म्हणायची, "हिला माणसांपेक्षा मालिका प्यारी."

तर या घराची मोजणी, ड्रॉइंग आणि मॉडेल असं काम सरांनी वर्गाला दिलं. मुलांनी दोन गट केले, एक डावीकडे, एक उजवीकडे. डाव्या गटात मोजायला टेप, म्हणजे हातातली टेप खाली न ठेवणारा मुलगा, आणि पुठ्ठा कापायला कटर नावाची मुलगी. ही नावं वर्गानेच पाडलेली. थोरलीने त्यांना पहिल्याच दिवशी पीटीला उभं करावं तसं उभं केलं. टेप ताठ धर म्हणाली, आणि पाठही.

मुलं दोन्ही दारांतून ये-जा करायची. थोरली सहज विचारल्यासारखं विचारायची, तिकडे काय चाललंय. काही नाही, चहा करतात आणि तुमचा गुडघा कसा आहे विचारतात, असं कटरने सांगितलं. आपला गुडघा दुखतोय हे हिला कळलं कुठून, याचं थोरलीला नवल वाटलं. पोरांनीच सांगितलं असणार, असं धरून तिने विषय सोडला.

दोन्ही अर्धी मॉडेलं झाली. गच्ची दोघींची एकच, त्यामुळे स्लॅब वरून अखंड मोजून एकाच पुठ्ठ्याचा कापलेला. थोरलीच्या टेबलावर दोन अर्धी जोडली, वर स्लॅब ठेवला, तर तो तीन मिलीमीटर लांब. डावे म्हणाले उजव्यांनी चुकीचं मोजलं, उजवे म्हणाले तुमची टेप सैल. दोन्हीकडे परत मोजून झालं, आकडे तेच. मग कटर एकदम हसायलाच लागली. दोन्ही गटांनी आपापल्या बाजूने भिंतीपर्यंत मोजलं होतं. भिंतीची जाडी कोणीच धरली नव्हती.

मॉडेल घराच्या पन्नास पट लहान, म्हणून टेपने तीन मिलीमीटरला पन्नासने गुणलं. "पंधरा सेंटिमीटर. म्हणजे साडेचार इंचाची वीट आणि दोन्हीकडचं प्लास्टर, बस."

"नऊ इंची आहे ती," थोरली म्हणाली. "यांनी सांगितलं होतं मला."

"नाही हो आजी. नऊ इंची असती तर स्लॅब याहून लांब गेला असता."

थोरली खाली बसली. मग तिने विचारलं, पलीकडे ऐकू जात असेल का रे. टेपला वाटलं, आजी गंमत करतायत.

"तुमचा आवाज ना आजी? तो नऊ इंचातूनही गेला असता."

त्या संध्याकाळी बहिणीचा फोन वाजून वाजून थांबला.

मॉडेलवर शेवटचा हात फिरवायला मोठं टेबल हवं होतं, ते धाकटीकडे. मुलांनी मॉडेल तिकडे नेलं आणि आजी, बघायला या म्हणून निरोप दिला. थोरलीने साडी बदलली, मग पुन्हा आधीचीच नेसली आणि काचेसमोरून चालत पलीकडच्या दाराशी गेली. दार उघडंच होतं. धाकटी खुर्चीत बसली होती, भिंतीची पुठ्ठ्याची पट्टी चिमटीत धरून. सरांना मूळ आराखडा हवा होता, म्हणून कटरने भिंत काढता-घालता येईल अशी केलेली.

थोरलीने बसायचीही वाट पाहिली नाही. "तू परत का आली नाहीस?"

"तुम्ही त्याच संध्याकाळी बहिणीला म्हणालात, रडायला नाही, मजा बघायला आली होती." धाकटीचा आवाज नेहमीसारखा बारीक. "मला वाटलं, मुद्दाम ऐकवताय. नंतर रोजच. मग मी टीव्ही लावायला लागले."

थोरलीचा चेहरा उतरला.

"मला वाटलं नऊ इंची आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "तसं बोलायला नको होतं. जाड असती तरीही."

धाकटीने चिमटीतली पट्टी टेबलावर ठेवली. मुलं पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत असल्याचं नाटक करत होती.

"ताई, तुम्हाला तीन फुटांची लागली असती," धाकटी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

गळ्यात वगैरे कोणी पडलं नाही. घरातली भिंत आहे तिथेच आहे. थोरली अजून रोज बहिणीशी बोलते, फक्त आता धाकटीच्या खुर्चीत बसून, आणि धाकटी मधेमधे तिच्या चुका काढते. पण पुढच्या महिन्यात धाकटी मुलीकडे जाणार आहे, किती दिवसांसाठी ते ठरलेलं नाही. तेव्हा हे वाचून तुम्हाला त्या घरी जायचं असेल तर लवकर जा. दोघींना एकत्र भेटा, घर बघायला आलोय म्हणा, थोरली सगळं फिरवून दाखवते. बेल बिघडली आहे, काच वाजवा. डावीकडे कोणी उघडलं नाही तर उजवीकडे वाजवा.