गाडी लॉक, हौसाबाई आत

चारही दारं एकदम लॉक झाली, तेव्हा मी ड्रायव्हरच्या दाराच्या पत्र्यावर बाहेरून तळहात टेकवून उभा होतो. किल्ली आत लावलेली. रिमोट त्याच किल्लीच्या जुडग्यात. चारही काचा वर. आणि मागच्या सीटवर हौसाबाई, माझ्या गिऱ्हाइकाची बायको.

तळहात कशासाठी, ते सांगतो. दारात नवा स्पीकर बसवला की गाणं मोठ्यानं लावून बघावं लागतं. आतलं पॅनल सैल राहिलं असेल तर पत्रा थरथरतो आणि गाण्यात खरखर मिसळते. कानाआधी ती हाताला कळते. काचा बंद करून बघितलं की जास्त नीट कळते. म्हणून काचा मीच वर घेतल्या होत्या. "मावशी, तुम्ही मागं बसूनच ऐका, आवाज कसा येतोय सांगा," असंही मीच म्हणालो होतो.

उद्यमनगरजवळ माझं कार अॅक्सेसरीजचं दुकान आहे. स्टिरिओ, सीट कव्हर, रिव्हर्स कॅमेरा, असली कामं. हे जोडपं शिरोळकडून आलं होतं. आप्पा ऊसवाले, साठी ओलांडलेले, आवाज असा की दुकानात बोलले तर रस्त्यापलीकडं ऐकू जावा. वापरलेली छोटी गाडी घेतली होती आणि तिचा जुना टेप बंद पडला होता.

"पावणं, लई भारीतला नको," आप्पा म्हणाले होते. "पर ती मोठी स्क्रीन असती बघा, तसली बसतीया का स्वस्तात?"

"बसते. पण घेऊ नका. गाडी उन्हात तापली की स्वस्तातली स्क्रीन अडकते. बोट लावून लावून दमाल."

"मग काय करायचं?"

"डोकं साधं घ्या, स्पीकर बरे घ्या."

डोकं म्हणजे डॅशबोर्डमधला मुख्य डबा, ज्याला लोक स्टिरिओ म्हणतात. आवाज खरा काढतो तो स्पीकर. बजेट कमी असलं की लोक सगळे पैसे डब्यात घालतात आणि स्पीकर जुनेच ठेवतात. मग नवा डबाही तसाच फाटका वाजतो. आप्पांना ते पटलं. पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथ चालेल असा साधा डबा घेतला, चारही दारांत मध्यम स्पीकर घातले. कंपनीच्या वायरी कापल्या नाहीत, त्या गाडीचा तयार कपलर, म्हणजे वायरी जोडायचा खटका, लावला. दुपारपर्यंत काम झालं. ब्लूटूथला आप्पांचा मोबाइल जोडला, त्यांच्या आवडीचं गाणं लावलं, मी बाहेर आलो, दार ओढलं, पत्र्यावर तळहात टेकवला. आणि टक.

मी हँडल ओढलं. उघडेना. दुसऱ्या बाजूला गेलो. तिकडंही तेच.

"व्हतंय तसं कधीकधी," आप्पा म्हणाले. "आधीच्या मालकानं ते रिमोटचं लॉक बसवलंय न्हवं का. आपूआप पडतंय."

हे मला सकाळी कळलं असतं तर मी किल्ली आत ठेवून दार लावलंच नसतं. पण बोलायची ती वेळ नव्हती. एप्रिलचं ऊन होतं आणि गाडी शेडच्या बाहेर उभी होती.

"दुसरी किल्ली?"

"घरात हाय. शिरोळला."

मी काचेवर टकटक करून हौसाबाईंना दाराकडं बोट दाखवलं. त्यांनी आतलं हँडल ओढलं. काहीच झालं नाही. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असतं, लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून. ते लावलेलं असलं की आतलं हँडल नुसतं हलतं. पण दाराच्या वरच्या कडेला, काचेपाशी, एक छोटी खुट्टी असते. ती वर ओढली तर बाहेरून दार उघडता येतं. मी खुट्टीकडं बोट केलं. त्यांना वाटलं, मी काच खाली करा म्हणतोय. त्या काचेचं बटण दाबू लागल्या. किल्ली पहिल्याच खटक्यावर होती. त्या गाडीत तेवढ्यावर स्टिरिओ वाजतो, काचा हलत नाहीत.

मग आप्पा ओरडायला लागले. "खुट्टी! अगं खुट्टी वर वड! तिकडं न्हाय, हिकडं!" दोन्ही तळहातांनी ते काचेवर थापा मारत होते. आत गाणं दणदणत होतं. चार माणसं गोळा झाली, तीही काचेला तोंड लावून ओरडू लागली. हौसाबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मला दिसत होता. पदर तोंडाशी धरून त्या खोकू लागल्या.

"तिला दमा हाय," आप्पा एकदम म्हणाले. आवाज खाली आला होता. "पंप पिशवीत हाय."

पिशवी माझ्या काउंटरवर होती.

मी लोखंडी पट्टी आणून काचेच्या रबरातून आत सरकवली. जुन्या गाड्यांत तशी लॉकची कडी सापडते. या गाडीत कडीवर झाकण होतं, पट्टी नुसती घासत राहिली. शेजारचा टायरवाला रफिक चाकाचा पाना घेऊन आला. "भाई, फोडू या." पुढची काच फोडली तरी तुकडे आत उडणार, त्यात आत माणूस घाबरून हलतंय. तरी मी मान डोलावली. दुसरं काही सुचत नव्हतं.

"ते गाणं तरी बंद करा कुणीतरी!" रफिक वैतागून म्हणाला.

गाणं आप्पांच्या मोबाइलवरून वाजत होतं आणि मोबाइल आप्पांच्या खिशात होता. त्यांनी तो काढून मला दिला. मी गाणं थांबवलं. आत शांतता झाली. मी हातातल्या मोबाइलकडं बघत राहिलो. तो अजून स्टिरिओला जोडलेला होता. म्हणजे यावरून फोन लावला, तर पलीकडच्याचा आवाज गाडीच्या चार स्पीकरमधून येणार. आणि आत बोललेलं त्या माइकमधून बाहेर येणार, जो मी सकाळी स्टिअरिंगजवळ चिकटवला होता.

"रफिक, थांब."

आप्पांच्या मोबाइलवरून मी माझाच नंबर लावला. माझा मोबाइल वाजला, मी उचलून कानाला लावला. आधी काहीच नव्हतं. मग श्वास ऐकू आला. शिट्टीसारखा, तुटक. काचेपलीकडं दिसणारं आता कानात होतं.

मी माझा मोबाइल आप्पांना दिला. ते सवयीनं ओरडले, "हौसा! खुट्टी!" चारही स्पीकर दणाणले. बाईंनी कान झाकून घेतले.

"आप्पा, हळू. आत आवाज मोठा आहे. घरात शेजारी बसून बोलता तसं बोला."

लोकांना मी मागं सारलं. आप्पा काचेपाशी वाकले. ओठ जेमतेम हलत होते.

"हौसा, मी हाय. भिऊ नगंस."

"कुठनं बोलतायसा?" मोबाइलातून बारीक आवाज आला.

"हितनंच. काचंकडं बघ. दिसलो का?"

"व्हय."

"हळू श्वास घे. आता माझ्याकडच्या काचंखाली काळी खुट्टी हाय. बोटानं चाचप."

त्यांना ती सापडली. पण खुट्टी खाली गेली की जेमतेम नखाएवढी वर राहते, आणि बोटं घामानं ओली. दोनदा निसटली. आप्पा म्हणाले, "पदरात धर आन् वड." खुट्टी वर आली. मी हँडल ओढायच्या आत ती परत खाली गेली. ते लॉक पुन्हा पडलं होतं.

बाई रडायला लागल्या. आप्पांचा आवाज मात्र तसाच राहिला. "जमलंय तुला. आता परत वड आन् सोडू नगंस. धरूनच ठेव."

मी हँडल आधीच ओढून धरलं. ते तसं धरलं तर कधीकधी खुट्टीच वर येत नाही, म्हणून किंचित ढिलं सोडलं. टक. मी झटका दिला. दार उघडलं आणि गरम हवा तोंडावर आली.

रफिकनं पिशवी आणली. पंपाचे दोन दाब घेतल्यावर हौसाबाई दुकानातल्या स्टुलावर पंख्याखाली टेकल्या. डॉक्टरकडं चला म्हटलं तर नको म्हणाल्या. बऱ्याच वेळानं श्वास सरळ झाला. पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं.

"अवो, मगाशी बोललासा, तसं बोलाय येतंय की तुमास्नी."

आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "पावणं, ते लॉक आधी काढा. आजच."

ते लॉक मी त्याच संध्याकाळी वायरींसकट उपटून काढलं. दारं आता किल्लीनं उघडतात. पत्र्याची खरखर तपासायची राहिली होती, तीही तपासली. ड्रायव्हरची काच पूर्ण खाली ठेवून. खरखर नव्हती.

त्या दिवसापासून कुठलंही काम हातात घेण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, गाडीला काही खोड आहे का? मालक बहुतेक नाही म्हणतो. मग मी शेजारी बसून आलेल्या माणसाला विचारतो.