आफ्रिकेच्या वाटेवरचे पाहुणे

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला, जुन्या शहरातल्या माझ्या घरी, मेथी निवडत बसले होते. फोन अमरावतीहून तिच्या शेजारणीचा. "बाई, तुमच्या ताई गेल्या वो. गॅसवर चहा ठेवला अन् खुर्चीत बसल्या, त्या बसल्याच." ताई एकटी राहायची आणि डॉक्टरांनी तिचा चहा बंद केला होता, म्हणून माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "चहा कोणासाठी ठेवला होता?" ती म्हणाली, "नळ दुरुस्त कराले मानूस आला होता, त्याच्यासाठी." मला रडू येण्याआधी राग आला. आता महिना होऊन गेला. रडून झालं आहे, राग मात्र पुरता उतरलेला नाही. तो या एका चहाचा नाही, फार जुना आहे.

आमची आई लवकर गेली. ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी, तिनंच मला वाढवलं. तिचं लग्न झालं ते मिशनच्या दवाखान्यातल्या पाळकांशी, म्हणजे आमच्या दाजींशी. दवाखाना नांदगाव खंडेश्वरच्या पुढे एका खेड्यात होता. दाजी रविवारी उपदेश करत आणि बाकीचे सहा दिवस दवाखान्याची सगळी व्यवस्था पाहत. पन्नासच्या दशकात तिथे दर हिवाळ्यात परदेशातून स्वयंसेवकांची टीम येऊ लागली. सर्जन, नर्सेस, आणि भिंती रंगवायला, बाकं ठोकायला आलेली चार-सहा तरुण मंडळी. नाताळच्या आसपास महिना-सव्वा महिना इथे ऑपरेशनं करायची, मग मुंबईला जाऊन बोटीनं आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका मिशन दवाखान्यात. आणि हे सगळे राहणार कुठे? तर ताईच्या घरी. गेस्ट हाऊस बांधायचं ठरलं होतं, ते ठरलेलंच राहिलं. मी अकोल्याला शाळेत शिकवत होते, नाताळची सुट्टी लागली की ताईचा निरोप यायचा, "टीम आली, ये." माझी एकही सुट्टी माझी म्हणून गेली नाही.

त्या पाहुण्यांबद्दल काय सांगू... माणसं मनानं चांगली होती, यात वाद नाही. पण एकजण पहाटे उठून गावाभोवती धावायचा, त्याच्यामागे गावची सगळी कुत्री, आणि ती कुत्री घेऊन तो थेट आमच्या अंगणात. एका बाईंना ताई जात्यावर बसली की फोटो काढायचा असे, म्हणून ताई दळण झाल्यावरही बिचारी उगाच जातं फिरवत बसायची. एकानं प्यायच्या पाण्याच्या हौदात बूट धुतले. तिखटाचा कण चालायचा नाही, म्हणून सगळ्याचा स्वयंपाक दोनदा. पाणी उकळूनच हवं, म्हणून मागच्या चुलीवर दिवसभर हंडे. मोर्शीकडून संत्र्यांच्या पाट्या यायच्या, त्या डोळ्यांदेखत रिकाम्या व्हायच्या. ताईची दोन मुलं त्या दिवसांत व्हरांड्यात झोपायची, ताई-दाजी कोठीच्या खोलीत, आणि मी जिथे जागा मिळेल तिथे. मी चिडले की ताई म्हणायची, "अवं, इतक्या दुरून आले, त्यांले काय धर्मशाळेत टाकू? तुले काहून एवढा राग येते?" मला राग काहून येते हे तिला कधीच कळलं नाही.

एके वर्षी मी गेले तर स्वयंपाकघरात कमरेइतका विटांचा ओटा. त्या काळी खेड्यात सगळ्या बाया चुलीपुढे बसून रांधायच्या. गावातल्या बाया हसल्या, बाई साहेबीण झाली म्हणाल्या. मीही हसले. ताई उभ्यानंच भाकरी थापायची, उभ्यानंच जेवायची, प्रार्थनेला सगळे खाली बसले की दाराला टेकून उभी राहायची. वाटलं, पाहुण्यांचं वारं लागलं.

मग एका दुपारी मी मागच्या अंगणात गेले, तर ताईनं उकळत्या पाण्याचा हंडा उचललेला. दोन पावलं टाकली, हंडा खाली ठेवला, दाराची चौकट धरली आणि पदर तोंडात कोंबला. चेहरा पांढराफटक. मी तिला धरून कोठीत नेलं. दार लोटून घेत ती म्हणाली, "अंग बाहेर येते माह्यं, खाली बसलं की जास्तच. धाकट्याच्या बाळंतपणापासून." धाकटा तेव्हा शाळेत जात होता.

"दाजीले मालूम आहे?"

"आहे ना."

"मंग?"

"मंग काय. मीच म्हनलं, पुढच्या साली करू. औंदा पेशंटची गंज गर्दी आहे."

"अन् मागच्या साली काय म्हनली होती?"

ताईनं जरा विचार केला. "हेच म्हनलं होतं."

मी डोकं धरून बसले. पोट आणि गर्भाशयाची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जन रूथबाई त्याच घरात राहत होत्या, तिच्या हातचं खात होत्या, आणि ही बाई त्यांच्यासाठी हंडे उचलत होती. "तुह्या घरात डॉक्टर जेवून राहिले ताई!" मी ओरडले. ती म्हणाली, "हळू बोल. बाया बैलगाडीनं येतात, झाडाखाली पडून राहतात. त्यांचा नंबर खाऊ मी? अन् कोनाले सांगशीन, तर माह्या घरात पाय ठेवू नको."

मी गप्प राहिलेही असते. पण त्याच संध्याकाळी प्रार्थनेनंतर दाजींनी सांगितलं, रूथबाई यंदा आफ्रिकेला जातील त्या तिथेच कायम राहतील. म्हणजे पुढच्या साली बाई सर्जन नाही, आणि पुरुष डॉक्टरला ताई मेली तरी दाखवणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे टेबलाशी बसले होते. दरवर्षी येऊन रूथबाईंना कामापुरती हिंदी येऊ लागली होती. मी माझ्या शाळेतल्या हिंदीत मोठ्यानं म्हटलं, "रूथबाई, मेरी दीदी बहुत बीमार है. आप हर साल इसके हाथ का खाती हैं, एक बार इसको देखिए." सगळं टेबल थांबलं. दाजी ताटाकडे पाहू लागले. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज, "पागल आहे ते, तिचं आयकू नका!" रूथबाईंनी चमचा खाली ठेवला, हात धुतले, ताईला दंडाला धरून कोठीत नेलं आणि दार लावलं. बाहेर आल्यावर त्या दाजींशी इंग्रजीत इतकं भराभर बोलल्या की मला अर्धं समजलं नाही, पण दाजींची मान कुठवर खाली गेली ते दिसलं.

ताईनं हट्ट मात्र सोडला नाही. झाडाखालच्या बायांची ऑपरेशनं आधी, मग माझं. शेवटच्या दिवशी, टीमचं सामान बडनेऱ्याच्या गाडीसाठी बांधून झालं तेव्हा, ती ऑपरेशनच्या टेबलावर चढली. टीम गेली, रूथबाई मागे थांबल्या. टाके निघेपर्यंत घर त्यांच्याकडे आणि शाळेची रजा काढून राहिलेल्या माझ्याकडे. त्यांनी ताईसाठी ओट्सची पेज केली. ताई पडल्यापडल्या मला म्हणाली, "हे काय आहे वं? भिंतीले लावाचं आहे का?" रूथबाईंनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, अच्छा है बोलती है. ताईनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि सगळी वाटी संपवली. रूथबाई निघाल्या तेव्हा ताईनं त्यांचा हात हातात धरून ठेवला, सोडेचना. टांगेवाला खोळंबला होता. अखेर रूथबाईच हसल्या, रडल्या आणि निघाल्या. पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

माझ्याशी ताई बोलत नव्हती. कोठीतली गोष्ट मी भर टेबलावर आणली, हे तिला सहन झालं नाही. उन्हाळा गेला, दिवाळी गेली, मी गेले नाही, तिनं बोलावलं नाही. डिसेंबरात शाळेतून घरी आले तर पायरीवर ताई बसलेली. एस.टी.नं एकटी आली होती, अंगावर नवं लुगडं, तब्येत सुधारलेली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल... चांगलं, जवळचं. ती म्हणाली, "औंदा टीम मोठी आहे. सुट्टी कधी लागते तुले?" मी तिला खूप बोलले. सुट्टी लागल्यावर गेले.

पुढे टीम येणं बंद झालं, दाजी निवृत्त होऊन दोघं अमरावतीला आली, दाजी गेले, मुलं लांब स्थिरावली. ताईचं घर कधी रिकामं राहिलं नाही. तिच्या स्मरणाची प्रार्थना झाल्यावर मी घराला कुलूप घालून अकोल्याला निघणार होते, तर फाटकाशी एक मुलगी आणि तिचा बाप उभे. हातात पेटी, वळकटी. "नर्सिंगले नंबर लागला," मुलगी म्हणाली. "होस्टेल नाही भेटलं. बाईनं सांगितलं होतं, नाही भेटलं त सरळ घरी येजो." मी सांगितलं, बाई गेल्या. बापानं टोपी काढली. दोघंही तसेच उभे राहिले, पेटी उचलेनात. मी ताईला मनातल्या मनात जे बोलायचं ते बोलून घेतलं. मग म्हणाले, "उभे काहून राहिले? आत या." वळकटी आत येताना विचारलं, कोर्स किती वर्षांचा? "तीन," ती म्हणाली.

हा लेख मी ताईच्या घरात बसूनच लिहिते आहे. आतल्या खोलीत ती पोरगी सकाळपासून मोठमोठ्यानं हाडांची नावं पाठ करून राहिली आहे. मला एक ओळ धड सुचू देत नाही.