शिट्टी वाजली की पडणाऱ्या बाई

मी सोलापुरात सीटी स्कॅनचा टेक्निशियन. आमच्याकडं माणूस येतो, आडवा होतो, उठून जातो आणि मागं एखादा किस्सा ठेवून जातो. त्यात आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी चक्करेचा अभ्यास काढला. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन बारीक नळ्या असतात, त्यांचे फोटो काढून चक्कर का येते ते शोधायचं. झालं, जिल्ह्यातली सगळी चक्कर आमच्या दारात! किस्से साचून साचून ढीग झालाय. पण सुवर्णाबाईंचे किस्से वेगळेच.

•

सुवर्णाबाई जेऊरकडच्या एका शाळेत पीटीच्या बाई, शिवाय कबड्डीच्या पंच. तक्रार काय, तर "मी शिट्टी वाजवली की मीच पडते."

मला हसू फुटलं. मॅडमनी डोळे वटारले.

"हसू द्या की," बाई म्हणाल्या. "शाळेत बी हसत्यात. हेडमास्तर म्हणतात नाटक करताय, आता ग्राउंड बंद, ऑफिसात बसा. मॅडम, ग्राउंड गेलं तर मी जगायचं कशासाठी?"

एवढं ऐकल्यावर माझं हसू गेलं.

•

त्याआधी बाईंच्या डोक्याचा एमआरआय दुसरीकडं झाला होता, अगदी नॉर्मल. नॉर्मल आलं की लोक देवाला नारळ फोडतात, ह्या बाई ढसाढसा रडल्या होत्या.

सोबत आलेला नवरा समजूत घालायला गेला, "डॉक्टर म्हणत्यात काय न्हाय, म्हंजे काय न्हाय."

"मग मी काय हौसेनं आपटते व्हय?"

नवरा चहा सांगायला उठला.

•

मॅडम म्हणाल्या, "इथंच वाजवून दाखवा." बाईंनी पर्समधून शिट्टी काढली आणि फुंकली. त्यांचे डोळे गर्रकन सरकले आणि बाई कलंडल्या. मी धरलं म्हणून वाचल्या. बाहेर बाकावर एक रिटायर्ड हवालदार नंबर लावून बसले होते, ते ताडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले. त्यांना बसवायला वेगळा माणूस लागला.

•

"आणखी काय होतं?" मॅडमनी विचारलं. बाईंनी आधी नवऱ्याला बाहेर पिटाळलं. मग हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. डोळं हलवलं की मला त्याचा आवाज येतो, कानात."

मी मनात म्हटलं, संपलं, ही केस दुसऱ्या डॉक्टरची. मॅडम मात्र आनंदानं खुर्चीतून उठल्याच! "कानाच्या हाडाचा सीटी लाव. स्लाइस पातळातली पातळ."

स्कॅन झाला. मॅडम स्क्रीनवर ते चित्र फिरवत फिरवत नळीच्या रेषेत घेऊन आल्या. वरच्या नळीवर हाडाचं छप्पर असतं, ते बाईंना एका जागी नव्हतंच. मोठा आवाज झाला की नळीतलं पाणी डुचमळायचं आणि मेंदूला वाटायचं, डोकं फिरलं. एवढंसं भोक, पण त्यानं बाईंना वर्गासमोर खोटं पाडलं होतं.

"बाई, तुमच्या कवटीत भोक आहे."

बाईंनी हात जोडले. "देवासारख्या भेटलात. तेवढं लिहून द्या."

•

दुसऱ्या दिवशी बाई पेढे घेऊन हजर. गेटवर वॉचमननं विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"रिपोर्ट," बाई म्हणाल्या. "खराब आलाय."

वॉचमननं पेढा घेतला, पण तो खावा की नाही, हे त्याला कळेना.

•

पुण्यात ऑपरेशन झालं, भोक बुजवलं. हेडमास्तरांची अट होती, एक सामना न पडता पार पाडून दाखवा, मग ग्राउंड तुमचं. मुलींच्या कबड्डीची फायनल होती. बाईंनी आग्रहानं बोलावलं म्हणून मॅडम आणि मी जेऊरला गेलो. हेडमास्तर पुढच्याच खुर्चीत. पोरांचा कालवा, शिट्ट्या, कर्ण्यावर कॉमेंटरी. माझं लक्ष खेळाकडं नव्हतंच, मी बाईंच्या पायांकडं बघत होतो.

शेवटची चढाई, दोन्ही संघ बरोबरीत. केम गावच्या संघातल्या पोरीचा पाय रेषेबाहेर पडला आणि बाईंनी शिट्टी मारली. केमचे कोच उसळून मैदानात आले.

"आमी न्हाय मानत. ह्या बाईंच्या डोक्यात भोक हाय, आख्ख्या तालुक्याला ठाऊक हाय!"

सगळं ग्राउंड बाईंकडं बघायला लागलं. मॅडमनी माझा हात घट्ट धरला. बाईंनी शिट्टी परत तोंडात घातली आणि कोचच्या अगदी समोर उभं राहून, श्वास संपेपर्यंत वाजवली. तसूभर हलल्या नाहीत.

मग शिट्टी काढली.

"व्हतं. बुजवलंय. पोरगी बाद."