सूर्याच्या पोटातली ऊब

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाराशिवला आमच्या कॉलेजात परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होतो. मोबाइल बाहेर टेबलावर ठेवलेला. पेपर सुटल्यावर पाहिलं तर मामींचे एकामागून एक फोन येऊन गेलेले. मी उलटा फोन लावला. "विलास, मामा गेले रे... खताला पाणी घालून आले, ओसरीवर टेकले, चहा टाक म्हणले. मी चहा घेऊन आले तर..."  

मामा तामलवाडीचे. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मी त्यांच्याच घरी राहून शिकलो आणि आज भौतिकशास्त्र शिकवून पोट भरतो ते त्यांच्यामुळे. आठवीत मी उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, 'सूर्य सतत जळत असतो.' मामांनी त्यावर लाल रेघ ओढली आणि सगळ्या वर्गादेखत विचारलं, "जळायला हवा लागती. तिथं हवा कोण नेऊन दिली? तुझा आजा?" वर्ग हसला. मग ते टेबलावर टेकून सांगू लागले. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणुगर्भ असतात, ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. "बांधावरून भांडलेले भाऊबंद समजा. त्यांस्नी नवरात्रात तुळजापूरच्या वडाप जीपमधी कोंबलं. मांडीला मांडी लागली, तरी तोंडं फिरवलेलीच." सूर्याचं स्वतःचं वजन त्यांना असं दाबून धरतं, आत दीड कोटी अंशांची तगमग असते, आणि तरीही ते एक होत नाहीत. लाखो-करोडो टकरा फुकट जातात. कधी काळी एखादी जोडी चिकटते. अशा टप्प्याटप्प्यानं चार हायड्रोजनांचा मिळून एक हेलियम होतो, आणि तो त्या चौघांच्या वजनापेक्षा किंचित हलका भरतो. "ही जी तूट आली ना, तीच ऊन होऊन तुमच्या अंगणात येती." कुणीतरी विचारलं, सगळे एकदम का चिकटत नाहीत? मामा म्हणाले, "तसं झालं तर सूर्य एका दमात संपंल. त्याला घाई न्हाय, म्हणून तर तू हितं बसलायस."

निवृत्तीनंतर मामा शेतात रमले. गोठ्यामागं त्यांनी खताचा मोठा ढीग लावला होता. शेण, सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, थरावर थर. थंडीच्या दिवसांत सकाळी त्यातून वाफ निघायची. मामा त्यात कोपरापर्यंत हात घालून उभे राहायचे, डोळे मिटून, डॉक्टरनं नाडी बघावी तसे.

यंदाच्या रथसप्तमीला मी सहकुटुंब तिथं होतो. मामी रोज सूर्याला अर्घ्य देणाऱ्या; त्या दिवशी तर पाटावर सूर्य काढलेला, अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यातलं दूध उतू जायच्या बेताला आलेलं. तेवढ्यात मामा ढिगाकडून हात झटकत आले आणि म्हणाले, "हिच्या सूर्यनारायणाच्या पोटात माझ्या उकिरड्याएवढीच ऊब हाय."

मामी ताडकन उठल्या. "आयकलं का विलास? सणाच्या दिवशी देवाला उकिरडा म्हणायलेत! तू फिजिक्सचा मास्तर हायस, तूच सांग खरं-खोटं."

"मी देवाला काय म्हणलो न्हाय," मामा म्हणाले. "हातभर ढीग घे आन् सूर्याच्या पोटातला हातभर तुकडा घे. दोन्हीत ऊब तयार व्हायचा वेग सारखाच."

मला ते खरं वाटलं नाही. मी हिशेबही केला नाही. सणाचा दिवस, मामींचा चेहरा उतरलेला... मी हसून म्हणालो, "मामा चेष्टा करायलेत हो मामी. कुठं सूर्य, कुठं उकिरडा!" मामी सुखावल्या. मामांनी माझ्याकडं पाहिलं आणि इतकंच म्हणाले, "गणित करून बघ की." आणि ते हात धुवायला गेले. दूध उतू गेलं, सगळ्यांनी हात जोडले.

त्यानंतर मामा बादली घेऊन ढिगाकडं निघाले की मामी ठसक्यात म्हणायच्या, "निघाले का सूर्याला आंघोळ घालायला?" शेवटच्या सकाळीसुद्धा त्या तेच म्हणाल्या होत्या. दहाव्याला कावळा शिवल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं. "शेवटचा शब्द टोमण्याचा गेला रे माझा. पर मी तरी काय करू, देवाची थट्टा केली त्यांनी..."

 घरी येऊन वही ओढली आणि मामांनी सांगितलेलं गणित मांडलं. सूर्य एकंदर किती ऊर्जा देतो, ती त्याच्या गाभ्याच्या घनफळात वाटली तर वाट्याला किती येते... गाभ्याच्या अगदी मध्यावरही घनमीटरमागे जुन्या पद्धतीचे शंभर वॅटचे दोन-तीन बल्ब पेटतील, एवढीच. चांगल्या मुरत्या खताइतकी. इतकी वर्षं मी मुलांना सूर्य शिकवतो, फळ्यावर मोठमोठे आकडे लिहितो. आणि हा साधा भागाकार मी कधी केला नव्हता. त्याहून मला हे लागलं, की ज्या माणसानं मला भागाकार शिकवला, त्याला मी त्याच्याच बायकोसमोर चेष्टेखोर ठरवलं.

गेल्या आठवड्यात तामलवाडीला गेलो. मामी ओसरीवर होत्या. मी म्हणालो, "मामी, मामा खरं बोलत होते."

 त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी तू का बोलला न्हाईस?"

"बोललो की मामी. चुकीचं बोललो."

"पर एवढीशीच ऊब, तर उन्हाळ्यात टाळू का भाजती?"

मी सांगितलं, सूर्याचा ढीग अफाट मोठा. आतली ऊब बाहेर पडायला वाटच सापडत नाही; थरामागून थर ओलांडत, धडपडत ती पृष्ठभागावर येईपर्यंत हजारो-लाखो वर्षं जातात. तोवर आत साचत राहते. आजचं ऊन आत कधी तयार झालं, त्या वेळी आपण कुणीच नव्हतो.

मामी उठल्या, मला गोठ्यामागं घेऊन गेल्या. ढीग तसाच होता. वरचा थर वाळून पांढरट झालेला, बादली शेजारी पालथी. मी बाही सारून हात आत घातला. वर कोरडं, गार... आणि कोपरापर्यंत गेल्यावर ऊब लागली. मामांच्या हातचे थर अजून आत मुरत होते. मामींनीही हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

रात्री तिथंच राहिलो. सकाळी मामींनी नेहमीसारखं अंगणात उभं राहून अर्घ्य दिलं. पण तांब्या पुरता रिकामा केला नाही. उरलेलं पाणी घेऊन त्या गोठ्यामागं निघाल्या. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर थांबून म्हणाल्या, "वाळलं तर थंड पडंल, म्हणायचे ते."