उलटी बसवलेली जाळी

लकव्याचा झटका आल्यावर माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची खाट व्हरांड्यात आणायची, हे सासूबाईंनीच ठरवलं. आतल्या खोलीत वास कोंडतो, इथं पाणी ओतून फरशी धुता येते, असं त्या म्हणाल्या. माझ्या नवऱ्याला ते पटलं. मलाही पटलं, पण माझं कारण वेगळं होतं.

आमच्या व्हरांड्याला समोरून सगळी सिमेंटची जाळी आहे. मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाताना जुन्या घरांना अशा जाळ्या अजून दिसतात. आमच्या जाळीला एका बाजूनं उठावाची फुलं आणि भोकांत तिरप्या पट्ट्या. फुलांची बाजू घरात घ्यायची असते, म्हणजे पट्ट्यांचा उतार बाहेर जातो. आतून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. मामाजींनी फुलं रस्त्याकडे केली. "घरात कोन पाह्यते फुलं?" झालं, जाळी उलटी बसली. त्यात रस्ता आमच्या ओट्यापेक्षा उंच. जाणाऱ्या-येणाऱ्याला व्हरांड्याची फरशीसुद्धा दिसते आणि आत बसलेल्याला नुसते आभाळाचे तुकडे. पावसाचं पाणीही थेट आत. गावात सगळ्यांना कळलं, पण पाटलाच्या तोंडावर बोलणार कोण?

चूक कबूल करण्यापेक्षा त्यांनी घरातल्या बायकांनाच व्हरांडा बंद केला. तांदूळ निवडायला बसलं की लगेच, "लोक पाह्यतात, आत व्हा." पडदा लावू म्हटलं तर, "मंग जाळी कायले बसवली?" सासूबाईंना दमा. चुलीच्या धुरात जीव घुसमटला की त्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. मामाजी खुर्चीतून फक्त बघायचे, आणि त्या परत धुरात जायच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे पाहिलं. घरात गॅस आला तोवर त्यांची छाती कामातून गेली होती.

आता व्हरांड्यात मामाजी असतात. रस्त्यावरून कुणी ओरडतं, "काय पाटील, झालं का आज पोट साफ?" कुणी आपुलकीनं विचारतं, कुणी मजा घेतं. मान वळत नाही, त्यामुळे बोलणारा कोण, हे त्यांना कळत नाही. ज्यांना त्यांनी कधी ओट्याची पायरी चढू दिली नाही, तेही थांबून निवांत बघून जातात. मला ते बघायला आवडतं. उगाच खोटं कशाला बोलू?

सासूबाई त्यांचं सगळं मन लावून करतात. पाठीला एक जखम होऊ दिली नाही, डॉक्टरांनीही कौतुक केलं. फक्त अंग पुसायची वेळ त्यांनी ठरवून घेतली आहे. मानोऱ्याची एसटी समोरच्या थांब्यावर येते, ती वेळ. सुरुवातीला मला वाटलं, योगायोग असेल.

परवा त्या पाणी तापवायला आत गेल्या होत्या. मामाजींनी जड जिभेनं मला हाक मारली. "सूनबाई, जाळीले चादर लाव ना. मले लाज वाटून राह्यली." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मला कीव आली नाही. आली असती तर तेही लिहिलं असतं.

मी वळून पाहिलं. सासूबाई बादली घेऊन दारातच उभ्या होत्या, धापा टाकत. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हवा पाह्यजे तुमाले," त्या मायेनं म्हणाल्या. "कोंडून ठेवलं की जीव कसा होते, मले माहीत हाये."

बाहेर एसटी थांबली. मामाजींनी डोळे घट्ट मिटून घेतले. सासूबाईंनी बादली खाली ठेवली आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण काढलं.