तुळशीच्या कुळातला साग

आमच्याकडचा साग एवढा उंच, की शेंड्यावरून सुटलेलं पान जमिनीला टेकेपर्यंत खाली सरकार बदलतं. अशा झाडाला तुळशीचा भाऊ म्हटलं तर माणसं हसणारच. सगळ्यांत जोरात हसले अब्बा. त्यांची उमर सागाच्या चौकटी आणि पलंग करण्यात गेली.

“तुळशीचा भाऊ? मंग माह्या रंध्याले तुळशीचा वास काऊन नाई येत?”

तरी पाटी त्यांनीच कोरून दिली. मुलचेऱ्याकडच्या एका कॉलेजात मी तासिकेवर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आवारातल्या सागाच्या बुंध्याशी मी ती रोवली : ‘साग. कूळ तुळशीचं.’ जुन्या पुस्तकांत तो घाणेरीच्या कुळात होता. शास्त्रज्ञांनी फुलोऱ्याची ठेवण पाहिली, पेशींतली वंशावळ तपासली आणि निर्गुडी-शिवणीसकट त्याला तुळशीकडे नेलं. यात माझा हात नाही. असता तर आधीच नेलं असतं.

तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांना पाटी दिसली.

“म्याडम, शिलेबसमधी घाणेरीचंच कूळ हाये. पाटी काढा.”

“शिलेबस जुना हाये, सर.”

“अन् तुमची नोकरी? ते तर दरसाल नवी लागते ना?”

मी पाटीवरची धूळ पुसली. मग तेच नरमले. “बरं, दोन्ही कुळं लिहा.”

“एका झाडाले दोन बाप? समितीले तुमीच समजावून सांगा मंग.”

समिती आली ती थेट जेवणाकडे निघाली. मी वाटेत आडवी. एका हातात सागाची कोवळी फांदी, दुसऱ्यात तुळशीची.

“डोळे मिटा सर, आणि चाचपून पाहा.”

अध्यक्षांनी चाचपलं. “अरेच्चा, दोन्ही चौकोनी!”

घाणेरीची काडीही चौकोनीच असते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खरा पुरावा फुलोऱ्यात होता, पण तो ढगांत होता आणि साहेबांना भूक लागली होती.

“पाटी झकास,” म्हणून ते जेवायला गेले. प्राचार्यांनी त्याच पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

जूनमध्ये माझे तास दुसऱ्याला दिले. निरोप देताना सर म्हणाले, “तुमची पाटी घेऊन जा, म्याडम.”

“माह्यी नाई, सर, सागाची हाये. त्याले विचारा, अन् उत्तर येईपर्यंत हात नका लावू.”