मधली लाईन

शनिवारी दुपारी दोनला कॉम्प्युटरच्या लाईनवर उघडलेला बोगदा पाच वाजले तरी बंद होईना, तेव्हा सुहासिनीबाई दिघे पडद्यापुढून हलेनात. रोज हेच काम दहा मिनिटांत उरकायचं. पीथमपूरच्या कारखान्याचं मशीन इकडून बोलायचं, मुंबईच्या हेड ऑफिसचं तिकडून, आणि मध्ये इंदूरच्या या दोन खोल्यांच्या ऑफिसातलं मशीन निरोप पुढे ढकलायचं. आज मात्र मुंबईहून कारखान्याकडे जे काही चाललं होतं ते संपायचं नावच घेत नव्हतं. दोनदा लाईन पडली, दोनदा बाईंनी परत लावली, आणि दोन्ही वेळा कारखान्याच्या पर्सनल ऑफिसातून फोन आला, "मॅडमजी, जरा जल्दी. साहब को आज ही चाहिए."

पर्सनल ऑफिस! माणसं घेणारं आणि माणसं काढणारं. त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये श्रीकृष्णराव, म्हणजे बाईंचे यजमान, पाच वर्षं नोकरीला होते. महिनाभर तिथे कुजबुज चालली होती, की यादी येणार, पन्नाशीच्या पुढच्यांना घरी बसवणार. श्रीकृष्णराव बावन्न वर्षांचे. आणि उद्या रविवारी सकाळी दहाला देपालपूरचे अप्पासाहेब घरी येणार होते. त्यांना धान्याच्या गोदामावर भरवशाचा माणूस हवा होता, आणि हो की नाही ते उद्याच सांगायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मशीन हिच्याच समोर आहे ना? मग डोकावून बघायचं, यादी आहे की काय आहे! अहो, तिथेच तर सगळी गोची होती. डोकावताच येत नव्हतं.

ही बाई मुळात इंदूरच्या एका कापड मिलच्या टेलिफोन बोर्डावरची. चौदा वर्षं कानाला हेडफोन लावून दोऱ्या खुपसायची, ट्रंक कॉल जोडून द्यायची. बोर्डाच्या मुख्य इंदिराबाई होत्या, भारी खमक्या. पहिल्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, "बाई गं, आपण लाईन देतो. काय बोलले ते आपलं नाही. नवऱ्यालाही नाही सांगायचं, समजलं?" सुहासिनीबाईंनी मान डोलावली आणि ती चौदा वर्षं तशीच डोललेली ठेवली.

एक्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एक दिवस मोठ्या साहेबांची मुंबईची ट्रंक लागली. लाईन सारखी तुटत होती. साहेब वैतागून म्हणाले, "ऑपरेटर, आप लाईन पे ही रहो." मग काय, राहावं लागलं. आणि मुंबईचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "दिवाली तक खींचो. उसके बाद बिजली कटने दो, मिल अपने आप बंद हो जाएगी."

श्रीकृष्णराव त्याच मिलच्या घडी खात्यात, कापडाच्या घड्या घालायच्या कामावर होते. आणि योग असा, की त्याच आठवड्यात राऊच्या एका कॉलेजात स्टोअर क्लार्कची जागा त्यांच्यासमोर चालून आली होती. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सरळ विचारलं, "काय करू गं? जाऊ का राऊला?"

चार शब्द होते. मिल बंद होणार आहे. इंदिराबाईंची करडी नजर डोळ्यांपुढे आली. बाई म्हणाल्या, "तुम्हाला वाटेल ते करा."

श्रीकृष्णराव हसले. "मिलची नोकरी सोडून कोण जातं यार!" आणि राऊला नाही कळवून मोकळे झाले.

त्याच शनिवारी बाई मिलच्या कापड दुकानात गेल्या आणि लट्ठ्याचा, म्हणजे जाड पांढऱ्या सुती कापडाचा, अख्खा तागा घेऊन आल्या. एरवी दोन-चार मीटरवर कधी गेल्या नव्हत्या. का आणला, ते त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. घरी म्हणाल्या, सस्ता मिळाला.

दिवाळी झाली, बिजली कटली, मिल बंद. पुढची सहा वर्षं श्रीकृष्णराव रोज सकाळी डबा घेऊन मिलच्या गेटवर जाऊन बसायचे. आज उघडेल, उद्या उघडेल. संध्याकाळी परत यायचे तेव्हा डबा रिकामा आणि तोंड उतरलेलं. बाई बघायच्या, आतल्या आत जळायच्या, आणि काही बोलायच्या नाहीत. त्या ताग्याच्या चादरी झाल्या, उशांच्या खोळी झाल्या, डबा बांधायचा रुमाल झाला. घरात जिकडे बघावं तिकडे तो पांढरा लट्ठा, आणि बाईंना तो नुसता टोचायचा.

संसार चालवायला बाईंनी एसटीडीच्या बूथवर नोकरी धरली. त्या बूथच्या माडीवर पुढे पुण्याहून आलेल्या नीरज नावाच्या एका तरुण इंजिनिअरने ऑफिस थाटलं. त्याला पुण्याची लाईन कधी लागायची नाही, बाई पाच मिनिटांत लावून द्यायच्या. मोबाईल आले, बूथ ओस पडला, तेव्हा नीरजच खाली येऊन म्हणाला, "काकू, वर चला. माझ्याकडेही दिवसभर लाईनच पडत असते."

त्यानेच त्यांना बोगदा समजावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवत म्हणाला, "हे बघा काकू. मुंबईच्या मशीनने अख्ख्या जगाला दार बंद ठेवलंय, फक्त आपल्या मशीनला उघडं. म्हणून कारखान्याला आपल्यातून जावं लागतं. पण दोघंही निरोप कुलूप लावूनच पाठवतात, आणि किल्ली फक्त त्या दोन टोकांकडे. आपल्यातून जातं ते बंद पेटीतून. याला टनेल म्हणतात."

"म्हणजे मध्ये बसून मला काही ऐकू येणार नाही?"

"नाही."

"लाईन तुटली, परत जोडली, तरी नाही?"

"अहो काकू, मलासुद्धा वाचता येत नाही! कधी उघडला, कधी बंद झाला, किती माल गेला, एवढंच नोंदीत दिसतं. आणि तेसुद्धा बाहेर कुणाला सांगायचं नाही बरं का. गिऱ्हाईकाची गोष्ट आहे."

बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, "नक्की ना?" नीरजला वाटलं, काकूंच्या डोक्यात शिरत नाहीये. अरे, शिरलं होतं, चांगलं खोलवर शिरलं होतं! त्या दिवशी बाई राजेंद्रनगरच्या घरापर्यंत टेंपोत बसून आल्या त्या हलक्या होऊन आल्या. मध्ये बसायचं आणि ऐकायचं नाही. असं यंत्र एक्याण्णव साली का नव्हतं, म्हणून त्यांना रडूच आलं.

आणि आज तेच यंत्र त्यांच्या मुळावर आलं होतं. समोर पडद्यावर आकडे सरकत होते. रोजच्या शंभरपट माल, पर्सनल ऑफिसकडे. आत काय? यादी? किती नावं? श्रीकृष्ण दिघे हे नाव आहे का त्यात? पेटी डोळ्यांदेखत चालली होती आणि किल्ली दोन टोकांना, मध्ये नाही. सव्वापाचला बोगदा बंद झाला. बाईंनी वहीत वेळ लिहिली, खोडली, परत लिहिली.

"काकू, बरं वाटत नाही का?" नीरजने विचारलं.

"काही नाही नीरजजी, ॲसिडिटी आहे."

घरी आल्या तर श्रीकृष्णराव खुशीत होते. भिंतीला खिळा ठोकत होते, गुणगुणत होते. जेवताना म्हणाले, "मी काय म्हणतो, अप्पासाहेबांना नाहीच सांगून टाकतो. पगार कमी, रोज दीड तास बसचे धक्के. कारखान्यात बरं चाललंय माझं. फालतू झंझट कशाला? तुला काय वाटतं?"

बाईंची पोळी तव्यावर करपली. परत तोच प्रश्न, तोच माणूस! तेव्हा सगळं माहीत होतं आणि बोलता आलं नाही. आता बोलायचं तर माहीत काय आहे? आकडे! शंभरपट माल म्हणजे यादीच, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आणि नुसते आकडे सांगितले तरी नीरजचा विश्वास मोडला, नोकरीच्या नियमाला हरताळ फासला.

"उद्या बघू," बाई म्हणाल्या, आणि ताट उचलून मोरीकडे गेल्या.

सकाळी श्रीकृष्णरावांनी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. साडेनऊ झाले. बाई पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या आणि मनात उलटसुलट चाललं होतं. सांगावं, तर चूक निघाली म्हणजे? हातची चांगली नोकरी जाईल. न सांगावं, आणि यादी खरी निघाली तर? बावन्न वर्षांचा माणूस पुन्हा कुठल्यातरी गेटवर डबा घेऊन बसेल. ते मात्र परत बघवणार नाही. देवा, नाही बघवणार!

दहाला पाच कमी असताना बाहेर स्कूटर थांबली. अप्पासाहेबांचा आवाज आला, "काय भिया, आहात का घरात?"

बाईंनी श्रीकृष्णरावांचा दंड धरून त्यांना आत ओढलं. हात कांद्याचेच होते.

"अहो, ऐका. काल मुंबईहून तुमच्या पर्सनलला काहीतरी आलंय. तीन तास चाललं होतं. रोज दहा मिनिटं असतं. काय आहे ते मला दिसत नाही, शपथ, दिसतच नाही. पण त्यांना कालच्या काल हवं होतं."

श्रीकृष्णरावांनी विचारलं, "मग?"

"हो सांगा अप्पासाहेबांना."

"तुझी नोकरी जाईल हे असं सांगितल्यावर."

"गेली तर गेली. तुम्ही हो सांगा."

ते बाहेर गेले, आणि पोहे घेऊन बाई बाहेर आल्या तेव्हा अप्पासाहेब म्हणत होते, "वहिनी, तोंड गोड करा. पहिल्या तारखेपासून येतायत हे."

पहिली तारीख आली. श्रीकृष्णराव सकाळच्या बसने देपालपूरला जाऊ लागले, डबा त्याच लट्ठ्याच्या रुमालात बांधून. बाई मात्र रोज कान लावून बसल्या, कारखान्यात यादी लागली का? आठवडा गेला, पंधरवडा गेला. कुणालाही काढलं नाही. उलट नवीन माणसं घेतली.

दोन महिन्यांनी टपालाने एक पाकीट आलं. कारखान्याला दहा वर्षं झाली म्हणून छापलेली गुळगुळीत पुस्तिका, पर्सनलच्या साहेबांच्या चिठ्ठीसकट. पानापानावर फोटो. मशीनचे, बगिच्याचे, कामगारांचे. अकराव्या पानावर स्टोअरच्या दारात श्रीकृष्णराव उभे, हातात रजिस्टर, चेहऱ्यावर हसू. चिठ्ठीत लिहिलं होतं, मुंबईच्या हेड ऑफिसकडून शनिवारी या पुस्तिकेचे सगळे फोटो तपासायला मागवले तेव्हा तुम्ही आमच्यातच होतात, म्हणून ही प्रत तुमच्यासाठी.

शनिवारी! बाईंनी चिठ्ठी परत वाचली. तीन तास, शंभरपट माल, जरा जल्दी. सगळे फोटो होते मेले!

संध्याकाळी श्रीकृष्णराव आले, बसच्या धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. बाईंनी पुस्तिका त्यांच्या हातात दिली आणि त्यांचा बांधच फुटला.

"मी दोन्ही वेळा तुमचं वाटोळं केलं हो! तेव्हा सगळं ऐकून गप्प बसले, आणि आता काही न ऐकता बोलले. मला माहीत होतं, मिल बंद होणार ते. बोर्डावर ऐकलं होतं मी. राऊला जाऊ का म्हणून तुम्ही विचारलंत, त्याच्या आधीच ऐकलं होतं."

श्रीकृष्णरावांनी अकरावं पान बघितलं. पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली. मग डब्याचा रुमाल सोडला, झटकला आणि बाईंच्या पुढ्यात धरला. मधोमध विरला होता, आरपार दिसत होतं.

"मिल चालू राहणार असती तर तू अख्खा तागा कशाला आणला असतास?" ते म्हणाले. "मला गेटवर बसल्यावर समजलं ते. पहिल्याच वर्षी."

"मग बोलला का नाहीत?"

"राग होता. भोत राग होता. रोज गेटवर बसून तुझ्यावरच चिडायचो. मग राग गेला, आणि वाटायला लागलं की एक दिवस ही आपणहून सांगेल. बारा वर्षं त्या चादरीवर झोपलो सुहास, वाट बघत."

बाईंनी पदराने तोंड पुसलं.

"आणि देपालपूरची नोकरी?" त्यांनी विचारलं. "ती तर माझ्यामुळे गळ्यात पडली ना?"

"पडली. बसमध्ये कंबर मोडते माझी," श्रीकृष्णराव म्हणाले. मग तो विरलेला रुमाल त्यांनी घडी घालून बाईंच्या मांडीवर ठेवला. घडी खात्यातला हात तो, काठाला काठ बरोबर जुळला. "हा तागा संपला आता. बाजारातून नवीन आण. फक्त या वेळी कशाला आणलास ते घरी आल्याबरोबर सांग."